उजवीकडची चौकट

प्रिय उपद्व्याप्या,

सहा वर्षांनी लिहायला बसले आणि पहिलं वाक्यच सुचेना. माझ्या तोंडाला कुलूप लावायची भाषा करायचास ना, बघ, लागलं! काम अजून तेच, लोकांच्या वेबसाइट बनवायचं. याच खुर्चीत बसून मी तुला ऐतखाऊ म्हटलं आणि तू चपला सरकवून निघून गेलास. म्हणायला नको होतं रे.

मग तुझ्यासाठी, तुझ्याच नावाने, इंटरनेटवर एक पान बनवलं. डावीकडे तुझा फोटो, खाली ‘घरी ये’, उजवीकडे एक चौकट. आईच्या गुडघ्यांपायी जुनं घर सोडून इथे तळमजल्यावर राहायला आलो, घरचा जुना फोनही बंद झाला, आणि तुला तेवढा एकच नंबर पाठ. म्हणून नवा पत्ता आणि नंबर त्या चौकटीत घातला. एचटीएमएलमधला मजकूर शंभरदा तपासला. पान दिसायचं कसं ते ठरवणारी सीएसएसची फाइल मात्र घाईत एका भांड्यांच्या दुकानाच्या साइटवरून जशीच्या तशी उचलली. तिच्यात एक नियम होता, पान फोनवर उघडलं तर उजवीकडची चौकट लपवायची. त्यांच्या चौकटीत नुसत्या जाहिराती होत्या. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, पण तुझं पान मी एकदाही फोनवर उघडून पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

परवा एक न्हावी पत्ता शोधत दारात आला. दोन वर्षांपूर्वी तू त्याच्या दुकानात कामाला होतास म्हणे, गिऱ्हाइकांच्या नकला करून हसवायचास. दुपारी त्याचा फोन मागून घेऊन हे पान बघत बसायचास. जुना नंबर लावलास, लागला नाही. जुन्या घरी गेलास, तिथे परकी माणसं. ‘नवा पत्ता मला द्यायचा नसेल त्यांना,’ एवढंच त्याला म्हणालास आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाहीस. गेल्या आठवड्यात त्याने मुलीच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं तेव्हा त्याला चौकट दिसली. तू कुठे गेलास ते त्यालाही माहीत नाही. मी त्या बिचाऱ्याला बस म्हणायचंही विसरले.

तो नियम खोडला. मिनिटभराचं काम. तू आता हे पान पुन्हा उघडशील असं मला वाटत नाही. तरी हे पत्र तुझ्या फोटोच्या वर लावते आहे, आणि खरं सांगायचं तर तुझ्या एकट्यासाठी नाही. आई रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर तुझा फोटो बघते आणि विचारते, पत्ता नीट दिसतो ना गं त्याला? मी रोज हो म्हणते. परवापासूनही म्हणतेच आहे. तोंडाने सांगायचा धीर होत नाही. उद्या सकाळी ती वाचेल.

तुझीच,
ताई