दुर्बिणीला बांधलेली पिसं

एर्केजानला वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तर त्या सकाळी मी गाईची धार काढली, दूध गाळलं, चहाच्या पाण्याचा समोवार पेटवला, आपांच्या चहात साय घातली, गोवऱ्या उन्हात पसरल्या आणि राख टाकायला जुन्या गोठ्यामागे गेले, तेव्हा तो तिथे उभा होता. (थांब, आधी ख्यालीखुशाली विचारायची असते. तुझ्या यजमानांची कंबर कशी आहे? तुझ्या सूनबाईला कितवा महिना? आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझ्या आईला, म्हणजे आपांना, ऐकू कमी येतं, पण जे ऐकायला नको ते सगळं येतं. आणि अजून तुझं लाडाचंच नाव लिहिते म्हणून हसू नकोस. नवऱ्याच्या भावंडांची नावं सुनेनं घ्यायची नाहीत असं शिकून या घरात आले. आता त्रेपन्नाव्या वर्षी हात वळत नाही.)

तो म्हणजे माळटिटवा. काळी टोपी, पोटावर काळा डाग, डाव्या पायात पिवळं कडं, उजव्यात निळं. राखेची बादली माझ्या पायावर पडली. तुला आठवत असेल, सात वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या अभ्यासकांबरोबर तुझ्या भावानं स्वतःच्या हातानं ही कडी घातली होती. गेल्या वर्षी, आपल्याला सोडून जायच्या तीन आठवडे आधी, त्यानं पाखरांच्या वहीत शेवटची ओळ लिहिली: जुन्या गोठ्यामागे, डावीकडे पिवळं, उजवीकडे निळं. अभयारण्याच्या ऑफिसातल्या नव्या साहेबांनी त्या ओळीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. मुलगा सभ्य आहे, मला चहा दिला. म्हणाला, काकू, अमानताय काका आजारी होते, औषधं चालू होती, कड्याचा फोटो असता तर गोष्ट वेगळी. मी चहा प्यायले आणि वही परत आणली. एकवीस वर्षं तो माणूस या माळावर पाखरं मोजत होता आणि शेवटी साहेब एक वाकडी खूण त्याच्या उशाशी ठेवून गेले. वर्षभर मी ती वही उघडली की आधी तीच दिसते. म्हणून ठरवलं, फोटो काढायचाच.

साधनं दोन. त्याची ती एकडोळी लांब दुर्बीण, तिपाईसकट, आणि तू दिलेला खिशात मावणारा कॅमेरा. कॅमेऱ्याचं नाक दुर्बिणीच्या डोळ्याला टेकवायचं की झालं, असं पुस्तकात आहे. (ग्रंथालयातून आणलं. रशियनमध्ये आहे, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, बारा दिवस लागले.) पुस्तक लिहिणाऱ्याला आमचा वारा माहीत नसावा. पहिल्या दिवशी सगळे फोटो म्हणजे काळ्या विहिरीच्या तळाशी एक पांढरं नाणं. मग त्याच्या जुन्या नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, बुटातून गोल चकती कापून दोहोंच्या मध्ये बसवली, नाक घट्ट बसलं, विहीर गेली. पण बटण दाबलं की सगळं हलायचं. मग पुस्तकात सापडलं की बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय असते. त्या दहा सेकंदांत पाखरू काय काय करतं ते मी लिहीत नाही. माझ्याकडे शेपटीचे एकोणीस फोटो आहेत.

मग गाईची युक्ती. माळटिटव्या गुरांना भीत नाहीत, त्यांच्याच पायांत घरटी करतात. म्हणून गाईच्या आडून जायचं. गाय चालली तोवर मी चालले, गाय थांबली तिथे तिपाई लावली. गाईनं ती चकती चाटायला सुरुवात केली. त्या बुटात तुझ्या भावाचा वीस वर्षांचा घाम होता, तिला खारट लागला असणार. मी तिला रागावले नाही. मलाही तो वास ओळखीचा होता.

एवढ्यात दुर्बीण निघाल्याची बातमी गावभर झाली. बायका पाहायला आल्या, रीतीप्रमाणे कुणी रिकाम्या हातानं आली नाही, आठवडाभर पुरेल इतकी साखर जमली. त्या गेल्यावर आपांनी पेटीतून घुबडाची पिसं काढली आणि दृष्ट लागू नये म्हणून दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला लाल दोऱ्यानं बांधली. तान्ह्याच्या पाळण्याला बांधतात तशी. छान दिसली.

त्यानंतर प्रत्येक फोटोत धुकं. जूनमध्ये, भर उन्हात. शिवाय तो टिटवा रोज ओरडत थेट माझ्या डोक्यावर यायचा. (मला वाटलं ओळखतो. कडी घालणाऱ्याची बायको म्हणून. दोन दिवस मी त्याला घरच्या बातम्याही सांगितल्या.) फोटो साहेबांना दाखवले तर म्हणाले, काचेला बुरशी लागली असेल. काच पुसायला काल दुर्बिणीच्या पुढून गेले, तेव्हा दिसलं: वाऱ्यावर पिसं बरोबर काचेसमोर फडफडत होती. धुकं तेच. आणि टिटवा माझ्याकडे नाही, पिसांतल्या घुबडाला हुसकायला येत होता.

घरी आल्यावर मी नुसता दोऱ्याला हात लावला. आपा खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तो होता तेव्हा बांधायचं राहून गेलं, सूनबाई. तू सोडू नकोस." मी हात काढला.

बाकी सर्व ठीक. पिल्लं मोठी झाली आहेत, आठवडाभरात उडतील, मग पाखरं माळ सोडतील.

तुझी वहिनी,
ऊलझान

ता. क. हे पत्र खरं तर यासाठी. मिळताच आईला फोन कर आणि सांग, होणाऱ्या नातवाच्या पाळण्याला घुबडाची पिसं हवीत, तीच हवीत. तुला त्या नाही म्हणणार नाहीत. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

ता. क. २. फोन करू नकोस. पत्र टाकायच्या आधीच मी आपांना हातगाडीत बसवून गोठ्यामागे नेलं आणि दुर्बिणीतून पाहायला लावलं. बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग विचारलं, "पिवळं त्यानंच घातलं?" मी हो म्हटलं, आणि पिसांचंही सांगितलं. दोरा त्यांनी सोडला नाही, मीही नाही. त्यांनी पिसं मुठीत धरली, मी बटण दाबलं आणि त्यांनी दहापर्यंत मोजलं. सातनंतर परत सहा आलं, तरी वेळ पुरला. फोटोत धुकं नाही. दोन्ही पाय आहेत, दोन्ही कडी आहेत, कोपऱ्यात गाईचं शिंग आहे.

ता. क. ३. दुसऱ्या दिवशी मी धार काढली, वही आणि कॅमेरा घेऊन पहिल्या गाडीनं ऑफिसात गेले, आणि साहेबांनी रबर शोधून ती खूण खोडेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही.