तिसरी बॅच

प्रिय वहिनी,

चिमणीचा फोन आला होता. लायसन्सची परीक्षा पहिल्याच झटक्यात पास झाले म्हणून ओरडत होती. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "आत्या, आई विचारते, बाबांची गाडी तू नेतेस का? आम्हाला दारात उभी बघवत नाही." मी "बघू" म्हणाले. माझं 'बघू' तुला माहीत आहे. दादा म्हणायचा, घुमीनं 'बघू' म्हटलं की समजायचं, प्रकरण बंद. तेव्हा आधी त्याचं उत्तर देते. गाडी मी नेणार नाही. मागची 'शिकाऊ चालक'ची पाटी काढता येईल, पण दादा शिकवताना वापरायचा तो डाव्या सीटपुढचा दुसरा ब्रेक पायाशी घेऊन मला बसवणार नाही. एखाद्या ड्रायव्हिंग स्कूललाच दे. दादालाही तेच आवडलं असतं.

फोनवर मला चार वाक्यांपुढे जाता येत नाही, म्हणून लिहिते आहे. लिहिण्यातही मी काही हुशार नाही. आमच्याकडे मोजलेलं तेवढंच लिहायची पद्धत आहे. काही मागेपुढे झालं तर समजून घे.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचीस, मी "ते केमिकलचं" म्हणून सुटायचे. आमची कंपनी म्हणजे जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या जाड भिंतींआड थाटलेलं एक मशीन आणि त्याच्याभोवती नाचणारे आम्ही पाच-सहा जण. स्कॅनच्या आधी शिरेतून जे किरणोत्सारी औषध देतात, ते जगात मोजक्याच अणुभट्ट्यांतून येतं. त्यातल्या बऱ्याचशा म्हाताऱ्या झाल्यात. एक दुरुस्तीला बंद झाली की दूरदूरच्या दवाखान्यांत रांगा लागतात. साठवून ठेवावं तर तेही जमत नाही, सकाळी केलेलं संध्याकाळी निम्मंसुद्धा उरत नाही. आमचे मास्तर आधी कॉलेजात शिकवायचे. अणुभट्टीशिवाय, लहानशा मशीनवर, दवाखान्याच्या जवळच हे औषध करून दाखवीन म्हणून त्यांनी नोकरी सोडली. दादा दर भेटीत विचारायचा, "काय, तुमचं स्टार्टअप स्टार्ट झालंय ना? मग गिअर कधी टाकताय?" माझं काम शेवटचं. तयार झालेलं औषध तपासायचं आणि सही करायची. मी सही केली तर ते बाहेर जाणार, नाही तर शिशाच्या पेटीत तिथल्या तिथे विझणार. हे दादाला सांगितलं तेव्हा तो खूश झाला होता. "म्हणजे आपला धंदा एकच की गं! गाडी दुसऱ्याची, ब्रेक आपला."

त्याच्या स्कॅनचे दिवस तुला मी काय सांगायचे. किडनी अधू, त्यामुळे शिरेत रंग सोडून करायची तपासणी डॉक्टर टाळत होते. आधी हे स्कॅन करू, हृदयाला रक्त कुठे कमी पडतंय ते बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, असं त्यांचं म्हणणं. आणि नेमकी तेव्हाच भट्टी बंद. दोनदा तू त्याला उपाशीपोटी घेऊन गेलीस आणि दोन्ही वेळा औषध आलं नाही म्हणून परत पाठवलं. आदल्या दिवसापासून चहा बंद, हे त्याचं मोठं दुःख. परत येताना समोरच्या टपरीवर त्याने लागोपाठ दोन कप घेतले आणि टपरीवाल्याला म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय, औषध मिळेपर्यंत हेच घ्या." हे तूच मला हसत सांगितलंस. तू हसलीस ती शेवटची, निदान माझ्यासमोर.

मग तू आमच्या फाटकाशी आलीस. मी पांढरा कोट घालूनच बाहेर आले, कारण काढून ठेवला असता तर तुला आत बोलवावं लागलं असतं. तू म्हणालीस, "तुम्ही तेच औषध बनवता ना? रोज बनवून टाकून देता ना? मग दे की त्याला." मी म्हणाले, परवानगी अजून आलेली नाही, माणसांना देता येत नाही. तू म्हणालीस, "तुझा सख्खा भाऊ आहे तो. नियम काय, त्याच्यापेक्षा मोठा झाला?" मी परत तेच वाक्य म्हणाले, जसंच्या तसं. तू पाणीसुद्धा न घेता निघून गेलीस. रिक्षात बसताना पदराने तोंड पुसत होतीस, ते मी फाटकातून पाहिलं आणि आत गेले.

दादा गेल्यावर महिन्याभराने तुझा निरोप आला, "त्या दिवशी मी बोलले ते मनावर घेऊ नकोस, मी शुद्धीवर नव्हते." वहिनी, तू माझी माफी मागितलीस. त्या निरोपाला मी उत्तर दिलं नाही, आणि त्यानंतर तुझ्या घरची पायरीही चढले नाही. तुला वाटलं असेल, नणंदबाई रागावल्या. मला तसं वाटू द्यायचं होतं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

तू फाटकाशी आलीस तेव्हा परवानगी आलेली नव्हती हे खरंच होतं. पण ती तोपर्यंत आली असती, हे मी तुला सांगितलं नाही. नियम असा आहे की एकामागोमाग तीन बॅच निर्दोष निघाल्या पाहिजेत, मगच कागद पुढे जातात. एक जरी बिघडली तरी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या दोन छान निघाल्या होत्या. तिसरीत नको असलेल्या एका धातूचा अंश मर्यादेच्या केसभर वर आला. केसभर म्हणजे खरंच केसभर. मशीन चालवणारे काका माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "बाई, नमुना घेताना नळीत बुडबुडा होता बहुतेक. मला दिसल्यासारखा वाटला." बुडबुडा हे पुन्हा मोजायला चालणारं कारण आहे. आकडा आवडला नाही, हे कारण चालत नाही. मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्या क्षणी मला दादा आठवला. आणि तो आठवला म्हणूनच मी पुन्हा मोजलं नाही. मला वाटलं, तुला बुडबुडा हवाय म्हणून दिसतोय. भाऊ रांगेत आहे म्हणून तुझा हात सैल पडतोय. मी 'नापास' लिहिलं आणि सही केली. मनात सलत राहिलंय ते हेच. दादा ठणठणीत असता, तर काकांचं ऐकून मी कदाचित सरळ दुसरा नमुना घेतला असता. दुसऱ्या कुणाच्या भावाला मी जो फायदा दिला असता, तो माझ्या भावाला दिला नाही. आणि याला मी तेव्हा प्रामाणिकपणा समजत होते.

त्याच संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला आले होते, आठवतं? दादा ताट वाढत होता. "काय म्हणतंय तुमचं औषध?" असं त्याने विचारलं. मी म्हणाले, "चाललंय." तो म्हणाला, "चालू दे, घाई करू नका. घाईत शिकलेला ड्रायव्हर आयुष्यभर ठोकत फिरतो." आणि मला आणखी भात वाढला. मी तो सगळा खाल्ला. जेवण गेलं मला त्या दिवशी, ही पण एक गोष्ट आहे.

नंतर मशीन उघडलं तेव्हा आत रबराची एक कडी झिजलेली सापडली, तिथूनच तो धातू मिसळत होता. म्हणजे बुडबुडा नव्हताच, आकडा खरा होता. मास्तर म्हणाले, "बघा, बाईंनी वाचवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्या अंशाने कुणाला काही अपाय झाला असता का? मला नाही वाटत. नव्याने तीन बॅच होऊन कागद फिरेपर्यंत दादा गेला होता. चालत्या गाडीत स्वतःच्या बाजूचा ब्रेक दाबून त्याने गाडी कडेला लावली, आणि शेजारी गाडी शिकत असलेली मुलगी विचारत राहिली, "सर, माझं काय चुकलं?" तुझ्या दारात येऊनही ती तेच विचारत होती. तू तिला जवळ घेतलंस. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. मला वाटलं, हा प्रश्न विचारायचा हक्क खरं तर माझा आहे. स्कॅन वेळेवर झालं असतं तर दादा वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलंय. "सांगता येत नाही," म्हणाले. ते खरंच बोलले, पण माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

हे सगळं मी आणखी दहा वर्षंही पोटात ठेवलं असतं. मी घुमीच आहे. पण आज आमचं औषध पहिल्यांदा माणसांसाठी जाणार होतं. मास्तरांनी नवा शर्ट घातला होता. दवाखान्यात माणसं उपाशी येऊन बसली होती. आणि बाटली उजेडात धरली तर आत एक कण तरंगत होता. आज शंकेला जागाच नव्हती. मी थांबवली आणि दवाखान्यात फोन केला. नर्स भली बाई. म्हणाली, "काळजी करू नका मॅडम, तुमची गाडी बंद पडली म्हणून सांगते त्यांना." का कोण जाणे, मी तिला नको म्हणाले आणि स्वतःच गेले. त्या बाकांसमोर उभी राहून सांगितलं, की गाडी ठीक आहे, औषध मी थांबवलंय, अशा अशा कारणासाठी. बहुतेक जण मान डोलवून उठले. नवऱ्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बसलेली एक बाई उठली नाही. ती म्हणाली, "तुमच्या घरचं कुणी या बाकावर असतं, तरी थांबवलं असतंत?" मी म्हणाले, "होतं. थांबवलं." ती थोडी सरकली आणि बाकावर मला जागा केली. मी बसले, पण मला तिच्याकडे बघवेना, कारण हे ज्या बाईला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती तू होतीस, आणि मी ते एका अनोळखी बाईला सांगून बसले होते. घरी आले ती तशीच लिहायला बसले. तुझा तो माफीचा निरोप तू परत घे, वहिनी. तो माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. आणि हे वाचल्यावर तू मला दार उघडलं नाहीस तरीही मी,

तुझीच,
घुमी