एक हेडलाइट, दोन मोटारसायकली

३ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

माझ्या मोटारसायकलला बावीस वर्षं झाली. पंधरा तारखेला तुझ्याच केंद्रात तिची वार्षिक वाहन तपासणी आहे. नापास झाली तर भंगारात घालेन, असं तुझ्या काकूला शेजाऱ्यांदेखत कबूल करून बसलोय. जीभ माझीच, दोष कुणाला देऊ? वय वाढलं की हे मॉडेल तपासणीत काय दिवे लावतं, ते आकडे बघून कळव. गोड बातमीच हवी असं नाही. पण दिलीस तर आवडेल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा काका

६ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं मॉडेल पाचव्या वर्षी विसात एक नापास होतं, दहाव्या वर्षी पाचात एक, आणि विशी ओलांडली की दोनात एक. ब्रेक दमतात, हेडलाइट रस्ता सोडून झाडावरचे पक्षी शोधतो. गेली नऊ वर्षं एकदाही नापास न झालेल्या अशा दोनच गाड्या: तुमची दर मार्चमध्ये, बाबांची त्याच मॉडेलची दर मेमध्ये. कौतुकानं दोघींचे नोंदींतले फोटो काढून बघितले, तर दोन्ही हेडलाइटच्या काचेला डाव्या कोपऱ्यात एकच टवका! काका, जुळ्यांचे तीळसुद्धा इतके जुळत नाहीत. नात्यातली गाडी मला तपासता येत नाही, हे तुमचं नशीब. पण यंदापासून एका पत्त्यावरच्या गाड्या एकाच दिवशी बोलावल्यात. म्हणजे बाबांचीही पंधरालाच. आणि उरलेलं वर्ष काय ब्रेकशिवाय फिरता?

रागावला असाल तर निम्मंच रागवा.

तुमची चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद, थोडे कमी.

पकडलंस. हेडलाइट, ब्रेक आणि आरसे, धड संच एकच. नवे भाग मिळणं केव्हाच बंद झालंय. ज्याच्याकडे संच नाही, तो पायी चालतो. आम्ही याला फसवणूक म्हणत नव्हतो, एकत्र कुटुंब म्हणत होतो! आता संच कुणाला, यावरून दादाचं नि माझं वाजलंय. तो म्हणाला, थोरला मी. मी म्हणालो, शब्द मी देऊन बसलोय. तर म्हणे, द्यायला सांगितलं कुणी? तेव्हापासून अबोला आहे. तो वर पाय आपटतो, मी खाली दार आपटतो. बापाला समजाव.

तुझा, तूर्त पायी असलेला, काका

१६ मार्च

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

काल तुमच्या आधी बाबा आले, गाडी ढकलत. हेडलाइटच्या जागी भोक. आमच्या साहेबांनी विचारलं, ही तपासायला आणलीत की दाखवायला? बाबा म्हणाले, नापास करा, पण पटकन करा, मागे माझा भाऊ उभा आहे. तुमचा निकाल लागेपर्यंत ते खांबाआड होते. पास म्हटल्यावर त्यांनी रुमाल काढला. धूळ गेली म्हणे डोळ्यांत. परवा तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा त्यांनीच संच तुमच्या गाडीला चढवला. तुम्ही ते बघितलंत आणि चकार शब्द काढला नाहीत, ही त्यांची तक्रार आहे. दोनातली एक नापास. आमचे आकडे मात्र खरे ठरले.

आता तरी जिना चढा.

तुमची चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस पूर्ण आशीर्वाद.

जिना चढलो. मी किल्ली दाखवली, त्यानं चपला घातल्या. आता रोज त्याला मागे बसवून नेतो. वळण आलं की तो माझा उजवा खांदा दाबतो, ब्रेकला डावा, आणि सरळ रस्त्यावर बावीस वर्षांतल्या माझ्या चुका सांगतो. गाडी पास झाली हे उत्तमच. पण मागे बसणाऱ्याला नापास करायची सोय तुमच्याकडे आहे का?

असली तरी त्याला कळू देऊ नकोस.

तुझा काका