दुहेरी शिवलेली कड

प्रिय ताई,

तू काहीही म्हण, त्या दिवशी मी एकटाच हसलो नव्हतो. तू खासदारकीच्या निवडणुकीला उभी राहते म्हणालीस आणि अख्खं घर हसलं. अबोला मात्र माझ्याशीच. मी एवढंच बोललो होतो की तिथं जाऊन सगळे खुर्च्याच गरम करतात, तू आपली नर्सबाई बरी.

आता ऐक. आमच्या मुकादमाला संसदेच्या सभागृहातल्या गाद्या बदलायचं काम मिळालंय. तुझा सातवी नापास भाऊ, कायदे होतात तिथं गुडघ्यावर बसून खिळे उपटतोय. गेल्या महिन्यात मापं घेताना बैठक सुरू झाली, म्हणून आम्हाला वरच्या गॅलरीत बसवलं. खाली एक बाई उठल्या. किती दवाखान्यांत औषधं नाहीत, एवढंच विचारलं. मंत्री कागद चाळत राहिले, भलतंच काहीतरी बोलले. बाई परत उठल्या. परत तेच. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा मंत्र्यांना औषधं कधी पोचणार ती तारीख सगळ्यांसमोर सांगावी लागली, आणि ती लिहून घेतली गेली. ताई, तू रिकाम्या कपाटापुढं उभी राहून जे पुटपुटतेस, तेच ते. मी कधी उभा राहिलो मलाच कळलं नाही. पहारेकऱ्यानं शर्ट ओढून खाली बसवलं.

परवा सभागृह रिकामं झालं आणि आम्ही कामाला लागलो. गादी खोटं बोलत नाही बघ. त्या बाईंच्या गादीची पुढची कड उठून-बसून पार विरली होती. मग आपल्या भागाच्या खासदाराची खुर्ची शोधली. पाच वर्षं झाली, फोम जसाच्या तसा. भाषणं ऐकायला कानाला लावायच्या यंत्राची पिशवीसुद्धा फोडलेली नाही. मुकादम म्हणाला, ही कोरी आहे, राहू दे. मी ऐकलं नाही. आपल्या माणसाला मत देऊन आपण पाच वर्षं मुकेच राहिलो, हे मला त्या फोमनं सांगितलं.

तेव्हा हसलो, चुकलो. नवी गादी मी स्वतः बसवलीय आणि पुढची कड दुहेरी शिवलीय, कारण तू सारखी उठणार. अर्ज भरायची मुदत बावीस तारखेपर्यंत आहे. मोटरसायकलसाठी पैसे साठवले होते, पण ती काय, पुढच्या वर्षी घेईन. ते तुझ्या अनामत रकमेसाठी पाठवतोय, पूर्ण पंचवीस हजार.

तुझाच,
हसरं गाढव