शिमोनसाठी मागणं

६ मार्च, रवि.
फादर नांदेडहून आले, महिन्यानं. मिस्साची उपासना झाल्यावर मला बाजूला घेतलं. "मास्तर, मी नसतो तेव्हा प्रार्थना तुम्हीच चालवता. मागण्यांत शिमोनचं नाव घ्या."
शिमोन आमच्यातलाच. टँकरच्या रांगेत त्यानं माझ्या धाकट्या भावाला, दावीदला, आणि दावीदच्या पोराला कुऱ्हाडीनं तोडलं. लातूरच्या नव्या जिल्हा कोर्टानं फाशीची शिक्षा दिली. अपील चालू आहे.
विचारलं, फाशी पाप आहे का? फादर खाली बसले. "जुनी शिकवण राज्याला हक्क देते. दुसरा इलाज नसेल तरच. शिमोन तर कोठडीत आहे. इलाज झालाच की. आणि तुम्ही कुठं राज्य आहात?"
राग फार आला नाही. थकलोय.

९ मार्च
टँकर नाही. रुता, दावीदची बायको, सकाळी हापशावर गेली ती दुपारी अर्धी घागर घेऊन आली. फादरचं बोलणं तिला सांगायचं होतं. राहिलं.

१३ मार्च, रवि.
पावसासाठी मागितलं, जनावरांसाठी मागितलं, त्याच दमात शिमोनसाठी. घाईघाईत. सगळे सवयीनं म्हणाले, "प्रभो, आमची विनंती ऐक." रुताही म्हणाली. दाराशी शिमोनची आई बसली होती, ती रडायला लागली तेव्हा रुताला उमगलं.
घरी ताट आपटून म्हणाली, "भावजी, माज्या तोंडून वदवून घेतलंत! त्याच्यासाठी!"
मी मुद्दाम केलं नव्हतं. की केलं होतं...

१६ मार्च
रुता बोलत नाही. भाकरी मात्र वाढते. दावीद असता तर मध्ये पडून हसवलं असतं दोघांना. फार आठवण येते त्याची.

२० मार्च, रवि.
शिमोनचं नाव आज घेतलंच नाही. धीर झाला नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणखी कुणाला काही मागायचंय?
रुता उठली. "शिमोनला फाशी होऊ दे. लौकर."
शिमोनची आई खाली मान घालून. प्रत्येक मागण्यानंतर 'प्रभो, आमची विनंती ऐक' मी सुरू करायचं असतं, मग बाकीचे म्हणतात. सगळे माझ्याकडे बघत राहिले.
माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला लिहू. तोंड उघडलं आणि त्याऐवजी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. लोक मागोमाग म्हणाले.
रुता बसली नाही. उभ्यानंच विचारलं, "माजं मागणं कुटं गेलं, भावजी?"