अडीच मिनिटांची डिस्क

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

मामीचा गुडघा कसा आहे? तुमचं ब्लडप्रेशर? (हे रीत म्हणून विचारत नाही. आजची गोळी घेऊनच पुढचं वाचावं.) इकडे मी सोडून सगळे खुशाल आहेत.

पाणीपुरवठ्याच्या नकाशाखोलीतून तुम्ही निवृत्त झालात आणि तुमच्या खुर्चीवर मी बसलो, तेव्हा जमिनीखालचा प्रत्येक नळ आणि प्रत्येक व्हॉल्व्ह तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये सुखरूप होता. आता नवे साहेब आलेत. माणूस भला आहे, पण जुनं काही दिसलं की त्यांना चैन पडत नाही. हुकूम निघाला: डिस्क नव्या मशीनवर उतरवून घ्या, जुना कॉम्प्युटर बुधवारी भंगारात. उतरवायला किती वेळ लागेल हे ठरवण्यासाठी एक फॉर्म आला, त्यात डिस्कचा वेग मेगाबिटमध्ये हवा होता. डिस्कच्या लेबलावर तो मेगाबाइटमध्ये, सेकंदाला तेहेतीस. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून मी आठाने गुणलं. दोनशे चौसष्ट. इथवर माझं काही चुकलेलं नाही, एवढं कृपया लक्षात ठेवा.

पण आपल्या खोलीत तुमचाच नियम अजून चालतो. प्रत्येक आकडा दोन हातांखालून जायचा, आणि दुसऱ्याने नुसती सही करायची नाही, पेनाची खूण दिसली पाहिजे. (नुसती सही म्हणजे उघड्या डोळ्यांची झोप, असं तुम्ही म्हणायचात.) फॉर्म शेजारच्या बाईंच्या टेबलावर गेला. तिथे पेनाची खूण दिसावी म्हणून तो पुन्हा आठाने गुणला गेला. दोन हजार एकशे बारा! बाईंना मी एका शब्दाने बोललो नाही. चूक माणसाच्याच हातून होते.

साहेबांनी लगेच हिशेब केला. चाळीस गिगाबाइटची डिस्क, या वेगाने जेमतेम अडीच मिनिटं. वरच्या ऑफिसला त्यांनी तसं कळवलंही, आणि वरून शाबासकी आली. शाबासकी आल्यावर मी काय तोंड उघडणार? खरं तर तेहेतीस हा आकडासुद्धा वायरीला झेपेल तेवढा. मामीचं ‘ही निघालेच’ आणि मामीचं प्रत्यक्ष निघणं, यांत जेवढं अंतर, तेवढंच लेबलात आणि डिस्कमध्ये. मी हळूच मोजून पाहिलं. म्हातारी सेकंदाला दोन मेगाबाइट देते, तेही कण्हत. म्हणजे साडेपाच तास! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बुधवारी अकराला काम सुरू झालं. साहेबांनी उदार मनाने पंधरा मिनिटं दिली होती आणि भंगारवाला हातगाडी घेऊन दारात उभा होता. साहेब माझ्या मागे घड्याळ बघत होते. डिस्क टक् टक् करत होती, की माझंच काळीज, कोण जाणे. सव्वाअकराला स्क्रीनवर आकडा होता साडेचार टक्के. साहेबांनी विचारलं, “झालं का?” मामा, माझ्या तोंडून “झालं साहेब” असं निघून गेलं. मी बोललो नाही, भीती बोलली. साहेब खूश होऊन चहाला गेले. मी स्क्रू काढून डिस्क माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि कॉम्प्युटरचा रिकामा सांगाडा हातगाडीवर गेला.

तेव्हापासून फोन वाजला की मी काहीतरी शोधायला कपाटामागे जातो. सोमवारी सकाळी शाळेजवळची मोठी नळी बदलायची आहे. खणणारे नकाशा मागतील. व्हॉल्व्ह सापडला नाही, तर शाळेत पाणी शिरेल आणि नोकरीतून मी बाहेर पडेन. मी फार घाबरलोय, मामा. लहानपणी तुमच्या सायकलवरून पडून गुडघा फुटला होता, तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार.

तुमचा (सोमवारपर्यंत तरी नोकरीत असलेला) भाचा

ता. क. १: ज्या खोक्यात हे पत्र आलं, त्यातच खाली टॉवेलात डिस्क आहे. खोका आपटू नका. आपटला असेल, तर मला कळवू नका. तिची ती चपटी, रुंद वायर आता फक्त तुम्ही पत्ते खेळता त्या कॉम्प्युटरला आहे. शनिवारी सकाळी लावून सगळं त्यावर उतरवायला घेतलंत तर दुपारी होईल. तोवर कृपया पत्ते खेळू नका. रविवारी मी येऊन घेऊन जाईन.

ता. क. २: साडेचार टक्क्यांत काय उतरलं ते उघडून पाहिलं. तुमच्या निरोप समारंभाचे फोटो. सगळे आले आहेत. व्हॉल्व्ह एकही नाही.

ता. क. ३: बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. त्यांच्या खुर्चीत मीच बसलो होतो. पहिला हात माझा, दुसराही माझाच. म्हणून मामा, उतरवून झालं की या वेळी तुम्ही तपासा. खूण हवी तेवढी मोठी करा, फक्त कशानेही गुणू नका.