तब्येत सुधारण्याचे बारा आठवडे

६ जानेवारी
भत्ता देणाऱ्या ऑफिसचं पत्र. बेकारांसाठी आरोग्याचा कोर्स, बारा आठवडे. तब्येत सुधारा, काम मिळवा. खरं तर आजारी लोकांसाठी आहे. मी बावीस वर्षं हेर्ने शहरभर ब्रेडची गाडी चालवली; कंबर जरा कुरकुरते, इतकंच. चार वर्षं घरी आहे ते मनासारखी जागा निघत नाही म्हणून. तरी जाईन. बाकीच्यांना आधार होईल.

१३ जानेवारी
आठ जण. शिकवणाऱ्या लूडर्सबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "वोस्निट्झासाहेब, आज कसं वाटतंय, दहापैकी किती?" दहा म्हणालो. शेजारच्या खुर्चीवरची ओझलेम तीन म्हणाली. सफाईकामात गुडघे गेलेत तिचे. तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. म्हणाली, "हैनरदादा, आधी खुर्चीतून उठून दाखव." उठलो. दुसऱ्या खेपेला. खुर्ची फार खोल.

३ फेब्रुवारी
संकल्प: रोज कालव्याकाठी पाच किलोमीटर. सिगारेट बंद.

४ फेब्रुवारी
कालवा लांब. तिथवर बसने गेलो. वारा बोचरा, फुप्फुसांना वाईट. त्याच बसने परत. एक सिगारेट, उबेपुरती.

२५ फेब्रुवारी
बाईंनी विचारलं, दिवसभरात कोणाशी बोलता? म्हटलं, पुष्कळांशी. म्हणाल्या, काल कोणाशी बोललात? आठवायला वेळ लागला. डोळ्यांत पाणी आलं. त्या खोलीत हीटर फार ठेवतात.

१८ मार्च
ओझलेमला शाळेच्या कँटीनमध्ये काम लागलं, गल्ल्यावर बसून. काल चीजचे बोरेक, त्यांच्याकडचे पॅटिस, घेऊन आली. "दादा, तू रोज यायचास म्हणून मी टिकले." मला माहीतच होतं. तीन खाल्ले. घरी येऊन पडलो तो आज दुपारी उठलो.

४ एप्रिल
कोर्स संपला. मंगळवारी माझी मुलाखत! वकिलांच्या ऑफिसात टपाल वाटायचं काम. शर्टाचं वरचं बटण लागत नाही. टायखाली दिसणार नाही.

८ एप्रिल, मुलाखत दुपारी ३ वाजता
वकिलांचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती. जिन्याने गेलो, बारा आठवडे कशासाठी घालवले? वर पोचलो तर तोंडातून नाव निघेना. काउंटरवरची बाई धावत आली, खुर्ची दिली, टाय सैल केला, पाणी पाजलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, दवाखाना खालच्या मजल्यावर. तुम्ही एक मजला जास्त चढलात."
मी 'हो' म्हणून मान हलवली.
दंड धरून तिने मला खाली नेऊन बसवलं. नंबर येईपर्यंत बसून राहिलो.